भूल देणाऱ्याचं नाव काय?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात आरोग्याच्या सत्रात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)



सकाळपासून आपण ऑपरेशनांबद्दल बोलतोय. सर्जन झाले, सोनोग्राफीवाले झाले, पेशंट आणून देणारे एजंट झाले, उचल देणारे मुकादम झाले. सगळ्यांची नावं निघाली. मला एक खेळ घ्यायचाय. ज्यांचं सिझर, नसबंदी, पिशवी किंवा आणखी कुठलंही ऑपरेशन झालंय त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त दिसतात. आता ऑपरेशन कुठल्या डॉक्टरनं केलं ते नाव ज्यांना आठवतंय त्यांनीच हात वर ठेवा. छान, फारसे हात खाली आले नाहीत. आता शेवटचं. तुम्हाला भूल कुणी दिली, त्या डॉक्टरचं नाव माहीत असेल त्यांनीच हात वर ठेवा.

दोन. आणि त्यातल्या एक ताई स्वतः दवाखान्यात नर्स आहेत.

माझाही हात खाली आहे बरं का. मी समाजकार्यात एम.ए. केलं, एका मोठ्या रुग्णालयात समाजसेविका म्हणून चार वर्षं काढली, बायांना सांगत फिरले की तुमच्या शरीराबद्दल प्रश्न विचारा. आणि माझ्या स्वतःच्या सिझरच्या वेळी मला भूल कुणी दिली ते मला आजपर्यंत माहीत नाही. आठवतं ते एवढंच. हिरवा मास्क लावलेला उलटा चेहरा, कमरेत गार स्पिरिट, आणि "हलू नका हं" असं सांगणारा आवाज. माणूस भला होता. मी थरथरत होते तेव्हा त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला होता. पण नाव विचारायचं सुचलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

नावाची आठवण झाली ती घरी जायच्या दिवशी. माझ्या नवऱ्याच्या कंपनीचा गट विमा होता, त्यात बाळंतपण बसत होतं, सगळं कॅशलेस होणार म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलानं एक चिठ्ठी पुढे केली. "भूलतज्ज्ञांचे आठ हजार वेगळे. रोख द्यावे लागतील." आम्ही दिले. टाक्यांचं पोट धरून कोण भांडणार? नंतर ती चिठ्ठी विमा कंपनीला पाठवली, ती परत आली. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, शिक्का नाही. नर्सिंग होमला तीन खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर, "ते डॉक्टर आमचे नाहीत, बाहेरून येतात." आठ हजार गेले. आठ हजारांचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही, तेव्हा ते खूप होते. पण खरी बोच वेगळी होती. ज्या माणसाच्या हातात माझा श्वास तासभर होता, तो कुणाचाच नव्हता.

तर हा माणूस कोण असतो, कुठून येतो, त्याला पैसे कोण देतं, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी भूल म्हणजे काय. आपल्याला वाटतं, झोपेचं इंजेक्शन. ते एवढं सोपं नाही. पूर्ण भूल दिली की बाई स्वतःचा श्वास सांभाळू शकत नाही, तो भूलतज्ज्ञ सांभाळतो. कमरेतून भूल दिली की बाई जागी असते पण रक्तदाब झपकन खाली येऊ शकतो, तो भूलतज्ज्ञ वर आणतो. रक्त गेलं, ठोके चुकले, तर पहिल्यांदा त्यालाच कळतं. सर्जनचं लक्ष पोटात असतं, बाईकडे लक्ष असतं ते डोक्याशी उभ्या असलेल्या या माणसाचं. बोटाला लावायचा तो ऑक्सिजनचा चिमटा कोविडमध्ये सगळ्यांच्या घरी आला. ऑपरेशनच्या खोलीत तो आणि बाकीची यंत्रं बघत शेवटपर्यंत उभं राहायचं, बाई नीट शुद्धीवर येईपर्यंत, हे त्याचं काम. म्हणून "भूल देऊन डॉक्टर पुढच्या दवाखान्यात गेले" असं कुठे झालं तर ती साधी गोष्ट नव्हे.

(मध्येच एक सांगते, कारण प्रत्येक ठिकाणी विचारतात. "कमरेत सुई घेतल्यापासून कंबर गेली." सुईच्या जागी काही दिवस दुखतं, काहींना डोकं जाम दुखतं, तेव्हा लगेच डॉक्टरला कळवायला हवं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईची नसते. ती हंड्यांची असते, वाकून केलेल्या निंदणीची असते, बाळंतपणानंतर न मिळालेल्या विश्रांतीची असते. सुईवर खापर फोडलं की बाकी सगळे सुटतात.)

शिक्षणाचं म्हणाल तर एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांचं एम.डी. किंवा डी.एन.बी., नाहीतर डी.ए. नावाची पदविका. आणखी एक प्रकार आहे, तो ग्रामीण भागातल्या बायांना माहीत हवा. सरकारी दवाखान्यांत भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अडलेल्या बाळंतिणीपुरती भूल द्यायला शिकवायचं प्रशिक्षण सरकारनं काढलं. मुळात ते अठरा आठवड्यांचं होतं. काही जणींना हे ऐकून राग येतो, गरिबांना अर्धवट डॉक्टर का म्हणून. मला तसा राग येत नाही. रात्री दोन वाजता बाई अडलेली असताना चाळीस किलोमीटरवर पाठवण्यापेक्षा नीट शिकलेला तो डॉक्टर जवळ असलेला बरा. राग येतो तो, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर भूल न देता कागदं रंगवायच्या कामाला लावला जातो तेव्हा.

कोण खरा आणि कोण नाही, हे तपासता येतं. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या ॲलोपथीच्या प्रत्येक डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद लागते. आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट आहे की डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर छापायचा. पैशाच्या पावतीवर! म्हणजे माझ्या हातात ठेवलेली ती आठ हजारांची चिठ्ठी मुळातच नियमाबाहेरची होती. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. त्याच आचारसंहितेत आहे की रुग्णानं आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. त्यात भूलेचा कागदही आला. कुठलं औषध दिलं, किती वाजता, रक्तदाब किती होता, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली सही असते. नाव तिथेच सापडतं.

आता हा डॉक्टर राहतो कुठे, कुणाचा असतो? मोठ्या रुग्णालयात तो पगारी असतो. आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात बहुतेक जण फिरते असतात. गाडीत पिशवी, पिशवीत औषधं आणि नळ्या. सकाळी इथे सिझर, दुपारी तिथे हर्निया, रात्री फोन आला की पुन्हा. ज्या सर्जनचा फोन येईल तिकडे जायचं आणि केसप्रमाणे पैसे घ्यायचे. पेशंट त्यांच्याकडे कधीच येत नाही, येतो तो सर्जनचा फोन. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्या जिवाची राखण ज्यानं करायची, त्याची पोळी सर्जनच्या हातात आहे.

आमच्या भागात एक बाई डॉक्टर भूल द्यायला येत. आमच्या गटातल्या एकीची पिशवी काढायचं ठरलं. पाच महिने अंगावर जात होतं. उसने पैसे आणले, भाड्याची जीप केली, सकाळी उपाशीपोटी बाईला टेबलावर घेतलं. ह्या डॉक्टर दहा वाजता आल्या, पेशंटला पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली आणि रक्ताचा रिपोर्ट मागितला. हिमोग्लोबिन ६.८. त्या म्हणाल्या, "ही तातडीची केस नाही. रक्त वाढवल्याशिवाय मी भूल देणार नाही." सर्जन चिडले. घरचेही चिडले, जीपचं भाडं फुकट गेलं म्हणून. आणि खरं सांगते, मीही मनातून चिडले, कारण सगळी जुळवाजुळव मीच केली होती. बाईला आम्ही जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे रक्त वाढवलं, अंगावर जाण्यासाठी गोळ्या दिल्या आणि पिशवी काढायची वेळच आली नाही. ती आज इथे बसलीय. नाव मी घेणार नाही, तिला वाटलं तर ती हात करेल.

त्या डॉक्टर नंतर मला म्हणाल्या, "नाही म्हणायचा अधिकार मला आहे हो. पण उद्याचा फोन त्यांच्या हातात आहे." पुढचे तीन महिने त्या नर्सिंग होमनं त्यांना बोलावलं नाही. दुसऱ्या कुणाला बोलावलं.

बीडच्या ऊसतोड बायांबद्दल सकाळी बोलणं झालं. २०१९ साली सरकारी समितीनं केलेल्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा सर्जनांवर बोललो, दवाखान्यांवर बोललो, मुकादमांवर बोललो. पण त्या प्रत्येक ऑपरेशनात बाईच्या डोक्याशी कुणीतरी उभं होतं. त्या माणसाला वय दिसत होतं. पंचविशी-तिशीतली बाई आहे हे दिसत होतं. त्या माणसाला कुणी कधी विचारलंच नाही की तुला काय दिसलं. मी त्यांना आरोपी म्हणून उभं करत नाही. साक्षीदार म्हणून तरी बोलवा.

यात एक बाजू बायकांची आहे. आपल्याकडे भूलशास्त्रात बाया डॉक्टर भरपूर आहेत. त्यातल्या काही जणींशी मी बोलले. त्या सांगतात, शाखा निवडताना घरून सल्ला असतो, "स्वतःचा दवाखाना टाकायला नको, घर सांभाळून करता येतं." करता कसलं येतं, रात्रीबेरात्री फोन येतो तो वेगळाच! मान दुय्यम, पैसे उशिरा, आणि काही बिनसलं की बोट पहिल्यांदा त्यांच्याकडे. पण ही शाखा बायांनी गाजवलेली आहे. हैदराबादला रूपाबाई फर्दुनजी नावाच्या पारशी बाई १८८५ साली मेडिकल शाळेत दाखल झाल्या, १८८९ ला पास झाल्या आणि क्लोरोफॉर्म देण्याचं काम त्यांनी पुढे वर्षानुवर्षं केलं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. आपल्या मुलींच्या धड्यात त्या नाहीत.

आता पैशांकडे येऊ, कारण अडतं तिथेच. विमा कंपनी भूलतज्ज्ञाला वेगळं ओळखत नाही. यादीत असतं ते रुग्णालय. "हे डॉक्टर आमचा विमा घेतात का" असं इथे विचारायचं नसतं, विचारायचं रुग्णालयाला. "भूलतज्ज्ञाची फी तुमच्या बिलात धरलीय की वेगळी मागणार?" आणि हे दाखल होण्याआधी, कागदावर. २०२० मध्ये आलेली जी आरोग्य संजीवनी पॉलिसी आहे, तिच्यात सरळ लिहिलंय की सर्जन आणि भूलतज्ज्ञाची फी रुग्णालयाला दिलेली असो की थेट डॉक्टरला, ती खर्चात धरायची. म्हणजे वेगळी दिली म्हणून बुडत नाही. पण पावती हवी, नाव-क्रमांकासकट.

दुसरी मेख खोलीची. समजा पॉलिसीत खोलीला दिवसाला दोन हजारांची मर्यादा आहे आणि तुम्ही चार हजारांची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे दोन हजार खिशातून भरू. पण कंपनी सर्जनची फी निम्मी करते, भूलतज्ज्ञाचीही निम्मी करते. तुमची भूल खोलीप्रमाणे कमी-जास्त झाली होती का? विमा नियामकानं २०२० मध्ये सांगितलंय की ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे फी बदलत नाही तिथे ही कपात करता येणार नाही. ते रुग्णालयाकडून लिहून घेता येतं. आमच्या एका कार्यकर्तीनं तसं पत्र घेतलं आणि कापलेले पैसे परत मिळवले. फेऱ्या मात्र पाच झाल्या.

बाळंतपणाचं तर काय सांगू. आरोग्य संजीवनीसारख्या साध्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण, सिझर, गर्भपात हे सगळं वगळलेलं आहे. कायदेशीर गर्भपातसुद्धा. गर्भ नळीत राहिला तर अपवाद. बाईचं सगळ्यात जास्त वेळा ज्यासाठी ऑपरेशन होतं तेच बाहेर! आणि मग खाजगी ठिकाणी गर्भपाताला दोन दर ऐकायला मिळतात, भूल देऊन एवढे आणि भूल न देता एवढे. वेदनेला दरपत्रक. एका पोरीनं मला सांगितलं, मी ओरडले तर बाई म्हणाल्या, "तेव्हा कळलं नव्हतं का?" पैसे नसलेल्या बाईला वेदना ही शिक्षा म्हणून दिली जाते, हे मी रुग्णालयात असताना माझ्या कानांनी ऐकलंय.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसकट, पूर्ण मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून. तिथे बाहेरचा भूलतज्ज्ञ बोलावला तरी त्याचे पैसे सरकारनं द्यायचे, बाईच्या घरच्यांनी नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही तेच. पॅकेजचा जो दर रुग्णालयाला मिळतो त्यात सर्जन, भूल, औषधं, जेवण सगळं आलं. "योजना फक्त ऑपरेशनची, भूलेचे पैसे वेगळे" असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. तिथल्या तिथे आरोग्यमित्राला गाठा आणि लेखी तक्रार द्या.

"बाहेरून येतात" या उत्तराचंही बघू. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये एका विधवेच्या दाव्यात सांगितलं की डॉक्टर पगारी असो की बोलावलेला, रुग्णालयाला जबाबदारी झटकता येणार नाही. पेशंट रुग्णालयात येतो, त्यानं प्रत्येक डॉक्टर शोधत बसायचं नाही. मला हा निकाल त्या तीन खेपांच्या वेळी माहीत असता तर!

आणि संमती. हे शेवटचं. दिल्लीत १९९५ साली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणी करायला गेली. सही तेवढ्याचीच. ती भुलेखाली असताना डॉक्टरनं बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि पिशवी, अंडाशयं सगळं काढून टाकलं. ती तेरा वर्षं लढली. १६ जानेवारी २००८ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. बाई सज्ञान आहे, तिची संमती तिनंच द्यायची, भूल उतरेपर्यंत थांबायला हवं होतं. जीव वाचवायची घाई असेल तर गोष्ट वेगळी. भरपाई मिळाली पंचवीस हजार, आणि डॉक्टरला फी नाही. तेरा वर्षांनी पंचवीस हजार. पण निकालाचा कागद आपल्या कामाचा आहे. भूल म्हणजे तुमचं "हो" आणि "नाही" थोडा वेळ बंद होणं. ते बंद असताना तुमच्या वतीनं नवऱ्यानं, सासूनं, आईनं "हो" म्हणायचं नाही.

म्हणून भूलेचा संमतीचा कागद वेगळा असतो, तो वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा म्हणा. भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटायला मागा, टेबलावर नव्हे. दमा, मिरगी, रक्तदाब, चालू गोळ्या, तंबाखू-मिसरी, हलणारा दात, आधीच्या भूलेचा त्रास, काही लपवू नका. सासू शेजारी उभी असेल तर तिला बाहेर पाठवा आणि मग सांगा. उपाशी राहा म्हटलं की खरंच उपाशी राहा, चोरून चहा-बिस्कीट खाऊन जीव गेलेत. आणि विचारा, "डॉक्टर, तुमचं नाव काय? ऑपरेशन संपेपर्यंत तुम्हीच असाल ना?" पहिल्यांदा जीभ अडखळते. आमच्या गटातल्या एका आजीनं मोतीबिंदूच्या वेळी विचारलं, तर तो तरुण डॉक्टर चक्क लाजला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्याचं आजोळ आजीच्या माहेरच्या शेजारचं निघालं आणि पुढची दहा मिनिटं दोघं पाऊसपाण्यावर बोलत होते.

तालुक्यातल्या नर्सिंग होमच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आता बंधनकारक आहे. पुढच्या महिन्यात दोघी-दोघींनी जाऊन ते फलक आहेत का, त्यावर भूलेचा दर आहे का, हे उतरवून आणायचं ठरवू. आणि घरात जुनी ऑपरेशनची बिलं, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड असतील त्यांच्या झेरॉक्स पुढच्या बैठकीला घेऊन या. भूलतज्ज्ञाचं नाव कितींवर आहे, एवढंच आधी मोजू. माझी ती आठ हजारांची चिठ्ठी अजून जपून ठेवलीय, पहिली तीच घालते.